नियम मोडला म्हणून चूल पेटते

नगरच्या सावेडीतल्या गुलमोहर रोडवर किंवा पाइपलाइन रोडवर अकरावी-बारावीच्या विज्ञानाचे क्लास शोधत हिंडावं लागत नाही. त्या वर्गांतल्या फळ्यांवर दरवर्षी एक समीकरण न चुकता उमटतं : दाब आणि आकारमान यांचा गुणाकार हा मोलसंख्या, वायुस्थिरांक आणि तापमान यांच्या गुणाकाराएवढा असतो. मुलं ते ‘पीव्ही बरोबर एनआरटी’ असं घोकतात, त्यावरची गणितं सोडवतात आणि सीईटीत गुण मिळवतात. धड्याच्या शेवटी शेवटी एक छोटा भाग येतो. वास्तवातले वायू हा नियम तंतोतंत पाळत नाहीत, दाब वाढला आणि तापमान उतरलं की ते त्यापासून ढळतात, असं तिथे सांगितलेलं असतं. परीक्षेच्या हिशेबात त्याला दोन-तीन गुणांची किंमत, म्हणून तो घाईघाईत उरकला जातो. ही मांडणी उलटी आहे असं माझं म्हणणं आहे. वायूंनी नियम मोडणं ही तळटीप नव्हे. आपलं स्वयंपाकघर, दवाखाना आणि दुधाचा धंदा या तिन्ही गोष्टी त्या ढळण्यावरच उभ्या आहेत. वायू खरोखर आज्ञाधारक असते तर सावेडीतल्या एकाही घरात आजच्यासारखा गॅस सिलिंडर येऊ शकला नसता.

हे विधान अतिशयोक्तीचं वाटत असेल तर हिशेब करून पाहू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. त्याचा सरासरी रेणुभार ५० ते ५५ च्या दरम्यान धरला तर सिलिंडरमध्ये साधारण २७० मोल गॅस आहे. सिलिंडरची आतली जागा आहे ३३.३ लिटर. २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्व्हिनला, हे आकडे अकरावीच्या समीकरणात घातले तर दाबाचं उत्तर येतं दोनशे बारच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोनशे पट. एवढा दाब सोसायला सीएनजीच्या टाकीसारखं जाड पोलाद लागतं. आपला लाल सिलिंडर तसा नाही. माणूस तो खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढतो. प्रत्यक्षात त्यातला दाब ऋतू आणि मिश्रणाचं प्रमाण यांनुसार शुद्ध ब्युटेनचे जेमतेम तीन बार आणि शुद्ध प्रोपेनचे दहा-अकरा बार यांच्या मध्ये कुठेतरी असतो. नियमाचं उत्तर इथे पाच-दहा टक्क्यांनी चुकलेलं नाही, वीस-तीस पटींनी चुकलं आहे.

यावर लगेच आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सिलिंडरमध्ये बहुतांश द्रव असतो. वायूंचा नियम द्रवाला लावणं हा अन्याय झाला. खरंच, भरलेल्या सिलिंडरमध्ये सव्वीस-एक लिटर द्रव असतो आणि वर उरलेल्या सातेक लिटर जागेत वाफ. त्या वाफेचं वजन केलं तर ते शंभर-एक ग्रॅम भरेल. चौदा किलोंच्या ‘गॅस’मध्ये वायुरूप भाग एवढाच. पण माझा मुद्दा नेमका इथेच सुरू होतो. समीकरणाला द्रव ही चीज ठाऊकच नाही. दाब हवा तेवढा वाढवा, तापमान हवं तेवढं उतरवा, आदर्श वायू नुसता आक्रसत जाईल. त्याचा थेंब कधीच होणार नाही. नियम कुठे थांबतो हे सांगणारी एकही खूण त्या नियमात नाही. विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे आकडे घातले तर समीकरण त्याला निमूटपणे दोनशे बार हे उत्तर देईल. ते कुठे लावायचं आणि कुठे नाही, हे कळण्यासाठी वास्तव वायू समजून घ्यावा लागतो.

आदर्श वायूची कल्पना दोन गृहीतकांवर उभी आहे. एक, रेणू हे निव्वळ बिंदू आहेत, त्यांना स्वतःची जागा लागत नाही. दोन, रेणू एकमेकांना ओढत नाहीत. टक्कर होईल तेवढाच त्यांचा संबंध. दोन्ही गृहीतकं खोटी आहेत, पण विरळ हवेत ती खपून जातात. साध्या दाबाला वायूने व्यापलेल्या जागेपैकी रेणूंचा स्वतःचा वाटा दोन हजारांत एक भाग इतकाच असतो. मोकळ्या बाजारतळावर फिरणाऱ्या दोन-चार माणसांना एकमेकांची अडचण होत नाही आणि बोलण्याचा मोहही होत नाही; आठवडे बाजार भरला की धक्केही लागतात आणि ओळखीच्यांचे घोळकेही जमतात. वायू दाबला की अगदी हेच घडतं. दोनशे पट दाबलेल्या वायूत रेणूंचा स्वतःचा वाटा दहा टक्क्यांकडे सरकतो, आणि रेणू इतके जवळ येतात की त्यांच्यातलं आकर्षण दुर्लक्षून चालत नाही. मध्यम दाबाला आकर्षणाचा जोर चालतो आणि वायू नियमापेक्षा जास्त आक्रसतो; फार मोठ्या दाबाला जागेची अडचण वरचढ ठरते आणि वायू नियमापेक्षा कमी आक्रसतो. म्हणजे ढळण्यालाही दोन दिशा आहेत. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

माणसाला हे कळायला दोनशे वर्षं लागली. रॉबर्ट बॉइलने दाब आणि आकारमान यांचं व्यस्त नातं १६६२ मध्ये मांडलं. शार्ल आणि गे-लुसाक यांनी तापमानाची बाजू भरून काढली. क्लापेरॉनने १८३४ मध्ये सगळं एका समीकरणात बसवलं. त्याआधीच, १८२३ मध्ये, मायकेल फॅरडेने क्लोरीन दाबून त्याचा द्रव करून दाखवला होता. पुढे त्याने एकामागून एक वायू द्रवरूपात आणले, पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन आणि मिथेन यांच्यासारखे काही अजिबात बधले नाहीत. व्हिएन्नात नाटेररने त्यांच्यावर वातावरणाच्या हजारो पट दाब दिला, तरी काही नाही. ‘कायमचे वायू’ असं नाव देऊन लोकांनी त्यांचा नाद सोडला. उत्तर मिळालं बेलफास्टमध्ये. थॉमस अँड्र्यूजने कार्बन डायऑक्साइड वेगवेगळ्या तापमानांना दाबून पाहिला आणि १८६९ मध्ये जाहीर केलं की सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर हा वायू कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. त्याखाली होतो. प्रत्येक वायूची अशी एक सीमा असते. तिला क्रांतिक तापमान म्हणतात. त्या सीमेच्या वर रेणूंची धावपळ इतकी जोरात असते की त्यांच्यातलं आकर्षण त्यांना बांधून ठेवू शकत नाही.

मला विचाराल तर सगळ्या धड्यात लक्षात ठेवण्याजोगी एकच संकल्पना आहे, ती ही. बाजारात आपल्याला वायू कोणत्या रूपात मिळतो, ते क्रांतिक तापमान ठरवतं. प्रोपेनची सीमा ९७ अंशांजवळ आहे, ब्युटेनची १५२ अंशांजवळ. नगरचा उन्हाळा कितीही रणरणता असला तरी त्या सीमेच्या बराच खाली, म्हणून एलपीजी नुसत्या दाबाने द्रव होतो आणि पातळ पत्र्याच्या सिलिंडरमध्ये मावतो. मिथेनची सीमा उणे ८२ अंश. म्हणून मुख्यतः मिथेनच असलेल्या सीएनजीला दाबून द्रव करता येत नाही. तो दोनशे बारला कोंबून जाड टाकीत भरावा लागतो. फ्रीजमागच्या नळ्यांमध्ये आज अनेक कंपन्या आइसोब्युटेन वापरतात, एलपीजीतल्या ब्युटेनचा सख्खा भाऊ. त्याची सीमा १३५ अंशांजवळ असल्यामुळे तो स्वयंपाकघरातल्या तापमानाला द्रव होतो, आत जाऊन उकळतो आणि उष्णता ओढून घेतो. तिथे आदर्श वायू भरला तर असा फ्रीज चालणारच नाही, कारण जो द्रव होत नाही तो उकळणार कसा?

ऑक्सिजनची सीमा उणे ११८ अंशांच्या आसपास, आणि २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या लाटेत, या एका आकड्याने महाराष्ट्राला घाम फोडला. दवाखान्यात दिसणारा जंबो सिलिंडर सुमारे ४७ लिटरचा असतो; त्यात दीडशे बारला सात घनमीटर ऑक्सिजन मावतो. गंमत म्हणजे आपल्या घरच्या सिलिंडरमधला द्रव गॅस पूर्ण उडाला तर त्याचीही वाफ साधारण सात घनमीटरच होते. फरक असा की घरचा सिलिंडर आकाराने लहान आणि दाबाने सौम्य, तर ऑक्सिजनचा सिलिंडर पन्नास किलोंहून जड पोलादाचा. हजारो रुग्णांना लागणारा प्राणवायू अशा नळकांड्यांतून दूरवर नेणं परवडत नाही. पंधरा टन ऑक्सिजन सिलिंडरमध्ये भरायचा तर सोळाशेच्या आसपास जंबो सिलिंडर लागतील, आणि त्यांच्या पोलादाचंच वजन ऐंशी टनांच्या पुढे जाईल. द्रवरूपात तोच ऑक्सिजन एका टँकरमध्ये बसतो, कारण एक लिटर द्रव ऑक्सिजनपासून साडेआठशे लिटरांहून जास्त वायू मिळतो. म्हणून तर १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून रेल्वेने सात रिकामे टँकर विशाखापट्टणमला पाठवले गेले आणि भरून नागपूर व नाशिकला आणले गेले. त्याच आठवड्यात, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि वीसहून जास्त रुग्ण दगावले. उणे १८३ अंशांना उकळणारा द्रव साठवणं म्हणजे दाबाशी नव्हे, थंडीशी गाठ असते. त्याची टाकी, व्हॉल्व्ह, देखभाल सगळं वेगळं. वास्तव वायूचं रसायनशास्त्र तेव्हा दोन गुणांचं राहिलं नव्हतं.

हवा इतकी थंड करायची कशी, हाही वास्तव वायूचाच धडा आहे. दाबलेला वायू उष्णता न घेता-देता एखाद्या बारीक छिद्रातून कमी दाबाकडे सोडला तर आदर्श वायूचं तापमान तसूभरही बदलणार नाही. रेणू एकमेकांना ओढतच नसतील तर दूर जाताना त्यांना कसली ताकद खर्चावी लागणार? खऱ्या हवेचे रेणू मात्र एकमेकांपासून सुटताना स्वतःची ऊर्जा खर्च करतात, म्हणून हवा थोडी गार होते. जूल आणि थॉमसन यांनी १८५२ मध्ये ही गोष्ट पकडली. जर्मनीत कार्ल फॉन लिंडने १८९५ मध्ये गार झालेल्या हवेने येणारी हवा आणखी गार करायची साखळी लावली आणि हवेचा द्रव करण्याचं यंत्र चालू केलं. तिथून आजचे द्रव ऑक्सिजन आणि द्रव नायट्रोजन आले. नगर जिल्ह्याला या द्रव नायट्रोजनची ओळख करून द्यायला नको. संगमनेर, राहाता, राहुरीच्या गोठ्यांत कृत्रिम रेतनासाठी येणारा माणूस पाठीशी जो नायट्रोजनचा कंटेनर घेऊन फिरतो, त्यात उणे १९६ अंशांना वळूच्या वीर्याच्या कांड्या बुडवलेल्या असतात. होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार केली. संकरित गाईंचा असा प्रसार गोठवलेल्या वीर्याशिवाय गावोगाव पोचला नसता. नायट्रोजनचे रेणू एकमेकांना ओढतात, फार दुबळेपणाने का होईना, पण ओढतात. जिल्ह्याच्या दूधधंद्यात त्या ओढीचाही वाटा आहे.

आता दुसरा, जास्त वजनदार आक्षेप. नियम एवढा चुकीचा असेल तर तो शिकवायचाच कशाला? इथे मी नियमाच्या बाजूने उभा राहीन. सावेडीतल्या उघड्या हवेसाठी हा नियम दहा हजारांत तीन-चार भागांइतकाच चुकतो. मोटारसायकलच्या टायरमधल्या दोन-तीन बारलाही ती चूक कुणाच्या ध्यानात येणार नाही. (जाता जाता : मोलला २२.४ लिटर हा पाठांतराचा आकडा शून्य अंश आणि समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. साडेसहाशे मीटर उंचीच्या नगरला तीस अंशांच्या दिवशी एक मोल हवा सत्तावीस लिटरांच्या जवळ जाते. हा काही वायूचा बेशिस्तपणा नव्हे. इथे नियम बरोबर आहे, परिस्थिती वेगळी आहे. या दोन गोष्टींची मुलं फार गल्लत करतात.) त्याहून मोठी गोष्ट अशी की दाब कमी कमी करत शून्याकडे नेला तर हेलियम असो, क्लोरीन असो की वाफ, सगळे वायू त्याच एका समीकरणावर येऊन मिळतात, त्याच एका ८.३१४ या स्थिरांकासह. प्रत्येक वायूचा स्वभाव वेगळा, पण विरळ झाल्यावर त्यांच्यात उरणारं समान ते हे. आदर्श वायूपासून अंतर मोजता येतं, म्हणूनच प्रत्येक वायूच्या स्वभावाची नोंद करता येते. मोजपट्टीची शून्याची खूण काढून टाकली तर मोजायचं कुठून?

ते अंतर मोजण्याचं काम लेडन विद्यापीठात योहानेस व्हॅन डर वाल्स याने १८७३ च्या प्रबंधात केलं. प्रबंधाचा विषयच मुळी वायू आणि द्रव या दोन अवस्थांचं सातत्य हा होता. त्याने जुन्या समीकरणात दोनच दुरुस्त्या केल्या : आकारमानातून रेणूंना लागणारी जागा वजा केली आणि आकर्षणामुळे घटणाऱ्या दाबाची भरपाई केली. कार्बन डायऑक्साइडचा एक मोल २७ अंशांना अर्ध्या लिटरमध्ये कोंबला तर जुना नियम ५० बार दाब सांगतो. व्हॅन डर वाल्सचं समीकरण ४० सांगतं, आणि मोजणी त्याच्या किंचित खाली येते. दोन स्थिरांकांच्या बळावर वायूचा थेंब कधी होईल हेही ते समीकरण सांगू लागलं. हे आधी कुणालाच जमलं नव्हतं. १९१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला यासाठीच मिळालं. पण तेही अंतिम सत्य नव्हे. क्रांतिक बिंदूजवळ त्याचे आकडे बरेच घसरतात. म्हणून रासायनिक कारखान्यांत आज पेंग-रॉबिन्सनचं १९७६ मधलं समीकरण आणि त्याच्यानंतरची अनेक वापरली जातात. ‘आदर्श वायूचं समीकरण खोटं आणि वास्तव वायूचं खरं’ अशी सोपी वाटणी करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की वास्तव वायूचं असं एकच समीकरण अस्तित्वात नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा : हे सगळं इंजिनियरांनी बघावं, गिऱ्हाइकाला त्याचं काय? गिऱ्हाइकाला आहे. ऑक्सिजनच्या सिलिंडरवर दाबाचा काटा असतो आणि तो किती वायू उरला हे पाच-सहा टक्क्यांच्या फरकाने सांगतो, कारण आत सगळा वायूच आहे. दाब निम्मा झाला की माल निम्मा झाला. घरच्या गॅस सिलिंडरवर तसा काटा लावला तर तो शेवटच्या थेंबापर्यंत जवळजवळ तोच दाब दाखवेल, कारण तळाचा द्रव उकळून वरची वाफ भरून काढत राहतो. म्हणून त्याचा हिशेब वजनावरच होतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या अंगावर कोरलेलं असतं ते त्यासाठी. गॅस मंद झाला की सिलिंडर आडवा करणं किंवा गरम पाण्यात ठेवणं या दोन्ही गोष्टींमागे हाच अर्धवट कळलेला नियम आहे, आणि दोन्ही धोक्याच्या आहेत. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये घुसतो, आणि उष्णतेने दाब अंदाजाबाहेर चढतो. सीएनजीत ढळणं गिऱ्हाइकाच्या फायद्याचं ठरतं. साठ लिटरच्या टाकीत दोनशे बारला आदर्श मिथेन साडेसात किलोंच्या जवळपास मावला असता. खरा मिथेन आकर्षणामुळे जास्त आक्रसतो आणि नऊच्या आसपास मावतो. पंपावर सीएनजी किलोने विकतात हे शहाणपणाचं आहे. दाबावरून पैसे घेतले असते तर रोज भांडणं झाली असती.

आणि याच कारणाने हायड्रोजनच्या गाड्यांबद्दल बोलताना जरा सावध असावं. त्याचं क्रांतिक तापमान उणे २४० अंश. सिलिंडरमध्ये नुसत्या दाबाने त्याचा द्रव होणं शक्य नाही. म्हणून गाड्यांत तो ३५० किंवा ७०० बारला भरतात. तिथे ढळण्याची दिशा उलटी होते : हायड्रोजनच्या रेणूंमधलं आकर्षण इतकं दुबळं आहे की जागेची अडचणच वरचढ ठरते. ७०० बारच्या टाकीत, नियमाने सांगितल्यापेक्षा तीस टक्के कमी हायड्रोजन मावतो. घरगुती गॅसइतक्या सहज आणि स्वस्तात हायड्रोजन साठवता येईल असं कुणी सांगू लागलं, तर त्याला आधी टाकीचा दाब आणि तिचं वजन विचारा.